फुकटची ढोलकी



माझ्यासमोर एक दोनशे पानी वही पडली आहे. पहिल्या पानावर ‘जयंती सिझन २०२४’ असं लिहिलंय आणि त्याखाली माझ्या भाचीच्या अक्षरात ‘खजिनदार : मामा’. ९ एप्रिल ते २६ मे, ४८ दिवस, २१ कार्यक्रम. गाव, तालुका, ठरलेलं मानधन, मिळालेलं मानधन, डिझेल, जेवण कुणाकडे, झोप कुठे, असे रकाने आहेत. शेवटचा रकाना मी गमतीनं आखला होता. त्याचं नाव ‘फ्रेम’. सत्कारात मिळालेल्या फोटोंची नोंद. सिझन संपला तेव्हा त्या रकान्याची बेरीज १७ झाली. बाबासाहेबांच्या ११, बुद्धाच्या ४ आणि माता रमाईच्या २. ताईच्या दोन खोल्यांच्या घरात आता भिंत शिल्लक नाही, म्हणून सहा फ्रेमा पलंगाखाली वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवल्या आहेत. मिळालेल्या शाली तर मोजल्याच नाहीत.

बाकीच्या रकान्यांबद्दल पुढे बोलतो. आधी माणसं सांगतो.

माझी थोरली बहीण आणि दाजी हिंगोली जिल्ह्यात राहतात. दाजींची गायन पार्टी आहे. ते पेटी वाजवतात आणि गातात, ताई कोरसला असते, दहावीतला भाचा झांज वाजवतो आणि वायरी सांभाळतो. कीबोर्डवाला आणि पॅडवाला हे दोघे बाहेरचे, त्यांना रात्रीचे हजार-हजार रोख द्यावे लागतात आणि ते योग्यच आहे. ढोलकीवर पूर्वी दाजींचे एक मित्र होते. करोनात ते गेले. वर्षभर पार्टीला ढोलकी नव्हती, पॅडवरच भागवत होते. त्या वर्षात भाचीनं मोबाईलवर बघून, भिंतीवर, ताटावर, शेवटी त्या मित्राच्याच घरून आणलेल्या जुन्या ढोलकीवर हात बसवला. २०२४ च्या उन्हाळ्यात ती सतरा वर्षांची होती, अकरावीची परीक्षा नुकतीच संपली होती. तिचं नाव मी इथे लिहीत नाही. तिनंच सांगितलंय, “मामा, माझं नाव पहिल्यांदा येईल ते पोस्टरवर येईल. तुझ्या लेखात नाही.”

दाजींची आई, आम्ही सगळे तिला आजी म्हणतो, वय पंचाहत्तरच्या आसपास. तिला घरी एकटं ठेवता येत नाही म्हणून तीही क्रूझरमध्ये. मी मोठा कार्यकर्ता म्हणून गेलो असं कुणी समजू नये. ज्या संस्थेत काम करत होतो तिथला प्रकल्प मार्चअखेर संपला होता, हातात दोन महिने होते आणि दाजींना हिशोब ठेवणारा माणूस हवा होता. समाजशास्त्रात एम. ए. केलेल्या माणसाला निदान वही तरी नीट ठेवता येत असेल, असा त्यांचा समज.

उन्हाळा मजेचा गेला हे आधी कबूल करतो, नाहीतर पुढचं वाचून वाटेल की आम्ही रडतच फिरलो. दुपारी दोनला सेनगावकडून निघायचं, खिडकीतून भट्टीसारखी हवा, मागे पेटीवर पेटी, स्पीकरच्या वायरी, आजीची पिशवी, पाण्याचे कॅन. त्या वर्षी पाऊस कमी झालेला, मराठवाड्यात टँकर सुरू होते, त्यामुळे जिथे पाणी मिळेल तिथे कॅन भरून घ्यायचे. रिसोडच्या पुढे रस्त्याकडेला टरबुजाचा ढीग दिसला की गाडी थांबणारच. रात्री बारा-एकला कार्यक्रम संपला की विहारात किंवा समाजमंदिरात सतरंजी टाकून झोपायचं, पहाटे कुणाच्या तरी घरून चहाची किटली यायची. भाचीनं त्या ४८ दिवसांत जे पाहिलं ते मी सतराव्या वर्षी पाहिलं नव्हतं. मेहकरला तिनं १५ मे रोजी वामनदादा कर्डकांच्या स्मृतिदिनाला वाजवलं. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीत १९२२ साली जन्मलेला हा माणूस २००४ मध्ये याच दिवशी गेला आणि इतक्या दूर, बुलढाणा जिल्ह्यात, पन्नाशीतल्या बाया त्यांची गाणी वहीत न बघता गात होत्या. चिखलीजवळच्या एका गावात एका म्हाताऱ्या ढोलकीवाल्यानं तिला कार्यक्रमानंतर थांबवून घेतलं. “पोरी, हात चांगला हाये, पण तू गाण्याला ऐकत नाहीस, नुसती वाजवतीस,” असं म्हणाले आणि पहाटे तीनपर्यंत ओट्यावर बसून गाणं थांबतं तिथे ढोलकीनं कसं थांबायचं ते शिकवलं. त्यांनी काही घेतलं नाही. उलट तिच्या बोटांच्या चिकटपट्ट्या पाहून खोबरेल तेलाची बाटली दिली. उन्हानं पुडी ताणली जाते आणि स्वर चढतो, म्हणून ढोलकी गाडीत ओल्या गोणपाटाजवळ ठेवायची, हेही त्यांचंच.

आता १४ एप्रिल.

एका तालुक्याच्या गावात आमचा कार्यक्रम ठरला होता. मानधन १२ हजार. मिरवणुकीला डीजे होता, त्याचं भाडं किती हे मला समितीच्या पोरांनीच अभिमानानं सांगितलं : ७० हजार, आणि सगळे आगाऊ, कारण डीजेवाला आगाऊ घेतल्याशिवाय गाडी आणत नाही. मिरवणूक लांबली. आवाजाच्या नियमांत एरवी रात्री दहाची मर्यादा आहे, वर्षातल्या ठरावीक दिवशी ती बारापर्यंत वाढवून मिळते आणि जयंतीचा दिवस त्यात असतो. डीजे साडेअकराला चौकातून हलला. आमची पार्टी स्टेजवर बसली तेव्हा अकरा चाळीस झाले होते. वीस मिनिटांत चार गाणी झाली, बाराला पोलीस आले. मग सत्कार झाले. नगरसेवक, माजी नगरसेवक, मंडप डेकोरेशनवाले, सगळ्यांचे. शेवटी दाजींना शाल, पुष्पगुच्छ, फ्रेम आणि पाकीट. पाकिटात ७ हजार. अध्यक्ष म्हणाले, “सर, चारच गाणी झाली ना. आणि हे काय धंद्यासाठी थोडंच आहे, मिशन आहे.”

डीजेवर नाचणाऱ्या पोरांना शिव्या देणं हा आपल्याकडच्या लिहिणाऱ्यांचा आवडता छंद आहे. मी त्यात नाही. वर्षभर ज्यांना गावात मान खाली घालून चालावं लागतं ती पोरं एक दिवस भर चौकात, भर रस्त्यात, आवाज फोडून नाचतात, त्यात एक हक्क आहे. मीही नाचलो आहे. माझा प्रश्न साधा आहे. डीजेवाल्याला ‘मिशन’ का ऐकवत नाहीत? मंडपवाल्याला, जनरेटरवाल्याला, बॅनर छापणाऱ्याला का ऐकवत नाहीत? कारण तो ऐकून घेणार नाही. तो बाजारातला माणूस आहे, त्याच्याशी आपण व्यवहारानं वागतो. गाणारा आपला आहे, म्हणून त्याला बुडवता येतं.

परतीच्या वाटेवर गाडीत कुणी बोलत नव्हतं. मग आजी बोलली. तिचं बोलणं मी त्या रात्रीच वहीच्या मागच्या पानावर उतरून ठेवलं. “गावकीत माझा सासरा वाजवायचा. पाटलाच्या पोराच्या लग्नात दिवसभर उन्हात वाजवायचा, उष्टं मिळायचं. बाबासाहेबांनी सांगितलं सोडा, त्यानं सोडलं. डफ चुलीत घातला. आम्ही उपाशी राहिलो पण वाजवलं नाही. आता तुम्ही परत वाजवायलेत.” दाजी म्हणाले, “माय, ते गुलामीचं होतं. हे चळवळीचं हाय.” आजी म्हणाली, “व्हय. पण तिथं भाकर तरी ठरलेली होती.”

मित्रहो, या वाक्यावर मी गेले वर्षभर अडकलो आहे. राग येऊ देऊ नका, आधी नीट बघू.

बाबासाहेबांनी बलुतं, वतन, गावकीची कामं सोडायला सांगितलं तेव्हा प्रश्न वाद्याच्या चामड्याचा नव्हता. श्रम कुणी ठरवायचे, त्याची किंमत कुणी ठरवायची आणि नाही म्हणायचा अधिकार कुणाला, हा प्रश्न होता. वाजवणाऱ्याला नाही म्हणता येत नाही आणि दाम मागता येत नाही, त्याला वेठ म्हणतात. वेठ घेणारा पाटील असेल तर ती वेठ, आणि जयंती समिती असेल तर ते योगदान, असं समाजशास्त्र मला तरी कुणी शिकवलं नाही. दोन्हींत फरक नाही असं मी म्हणत नाही. पाटलाच्या दारात आजीच्या सासऱ्याला माणूस म्हणून किंमत नव्हती, इथे दाजींच्या गळ्यात हार पडतो. पण हाराच्या बदल्यात रोजी गेली तर घरी काय सांगायचं? हार घालणाऱ्याला ठाऊक असतं की या माणसाला पैसे मागायची लाज वाटणार आहे, आणि ती लाज त्याच्या कामी येते.

कुणी म्हणेल, आपले जुने शाहीर कुठे पैशासाठी गात होते? हा युक्तिवाद मला दर दुसऱ्या गावात ऐकू आला. तिसाच्या दशकात नाशिक भागातून भीमराव कर्डकांचा जलसा निघाला. सत्यशोधक जलशांची परंपरा पाठीशी होती, तमाशाचा बाज होता आणि आत नवा विचार. लिहिता-वाचता न येणाऱ्या माणसापर्यंत चळवळ त्या ढोलकी-तुणतुण्यावरून पोचली, सभेच्या ठरावांवरून नव्हे. त्या माणसांनी पदरमोड केली हे खरं. पण तेव्हा समितीकडे ७० हजारांचा डीजेही नव्हता. सगळेच उपाशी होते, गाणाराही उपाशी होता. आज मंडप, लाईट, जेवणावळ, बॅनरवरचे पन्नास चेहरे, सगळ्यांचे पैसे पोचतात आणि नेमका गाण्यापाशी आल्यावर आपल्याला त्याग आठवतो. शाहिरांच्या त्यागाचं नाव घेऊन आजच्या शाहिराचं बिल बुडवायचं, हा त्या त्यागाचा अपमान आहे.

हे मी इतरांना सुनावतो आहे असं वाटत असेल तर माझंही ऐका. काही वर्षांपूर्वी मी स्वतः एका जयंती समितीचा सचिव होतो. आम्ही एका वयस्कर गायकाला बोलावलं होतं, पाच हजार ठरले होते. खर्च वाढला. मीच त्यांना बाजूला घेऊन म्हणालो, “बाबा, या वर्षी जरा सांभाळून घ्या.” त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, “तुम्ही पोरं काम करता, मला सगळं पोचलं,” म्हणाले आणि दीड हजार घेऊन रात्रीच्या एसटीची वाट बघत स्टँडवर बसले. त्या रात्री उरलेल्या पैशांतून आम्ही कार्यकर्त्यांनी ढाब्यावर जेवण केलं होतं. १४ एप्रिलला अध्यक्षांनी ‘मिशन’ म्हटलं तेव्हा मला पहिल्यांदा त्यांचा राग आला नाही. मला माझाच आवाज ऐकू आला.

त्या सिझनला निवडणूक होती. आमच्या भागात २६ एप्रिलला मतदान. गाणाऱ्यांना एकदम भाव आला. प्रत्येकाला संविधानावरचं गाणं हवं होतं, प्रत्येकाला निळा झेंडा स्टेजवर हवा होता. एका उमेदवाराचा माणूस दाजींकडे आला : चार दिवस कोपरा सभा, दिवसाचे सहा हजार, रोख. पक्ष कुठला हे लिहीत नाही, कारण त्यानं फार फरक पडला असता असं मला वाटत नाही. दाजी माझ्याकडे बघू लागले. मी म्हणालो, घ्या. पैसा कुणाचाही असो, गाणं आपलं आहे. ताई गप्प होती. भाचीनं एकच विचारलं, “गाणं आपलंच राहील ना?” मी म्हणालो, हो.

पहिला दिवस नीट गेला, सहा हजार मिळाले. हे पैसे वहीत वेगळ्या पानावर आहेत, २१ कार्यक्रमांत धरलेले नाहीत. दुसऱ्या दिवशी दुपारी त्या माणसानं दाजींच्या हातात कागद दिला. आमच्या घराघरांत गायल्या जाणाऱ्या एका भीमगीताच्या चालीवर नवे शब्द बसवले होते. जिथे बाबासाहेबांचं नाव येतं तिथे उमेदवाराचं नाव. मी तेव्हा डिझेल भरायला गेलो होतो, परत आलो तोवर गाणं सुरू झालं होतं. धृपद संपून जिथे ते नाव यायचं तिथे ढोलकी थांबली. भाचीनं दोन्ही पंजे पुड्यांवर सपाट ठेवले होते आणि ती समोर बघत होती. दाजी पेटीवर आणखी दोन ओळी एकटेच ओढत गेले. मग तेही थांबले. साऊंडवाल्याला वाटलं माईक गेला.

त्या दिवसाचे पैसे मिळाले नाहीत. उरलेले दोन दिवसही गेले. म्हणजे अठरा हजार. कीबोर्डवाल्याला आणि पॅडवाल्याला त्यांचे त्या दिवसाचे हजार-हजार द्यावेच लागले. रात्री दाजी माझ्याशी बोलले नाहीत, पोरीशीही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी म्हणाले, “मेव्हणे, तुम्ही दोघं शिकलेले आहात. गॅसची टाकी मला आणावी लागते.” मला उत्तर सुचलं नाही. आजही सुचत नाही. पोरीनं बरोबर केलं असं मला वाटतं, आणि दाजी चुकीचं बोलले असं म्हणता येत नाही. आपल्या समितीनं ठरलेले पैसे दिले असते तर दाजी त्या स्टेजवर गेलेच नसते, एवढं मात्र मी हिशोबाच्या आधारे सांगू शकतो. ‘आमचे कलावंत विकले जातात’ असं भाषणात म्हणणाऱ्यांनी स्वतःच्या समितीची वही एकदा उघडून बघावी.

आणखी एक गोष्ट, जी मला बाप्यांना उद्देशून बोलायची आहे. पोरगी ढोलकी वाजवते म्हटल्यावर मोबाईल वर होतात. त्यातले अर्धे तिच्या हातांवर नसतात. ताई दुसऱ्या गावापासून तिच्या ओढणीला सेफ्टी पिना लावू लागली. सूत्रसंचालक तिला ‘आपल्या लाडक्या गायकांची सुकन्या’ म्हणायचे आणि कुणी विचारलं तर दाजींना विचारायचे, तिला नाही. एका गावात तर ज्येष्ठ कार्यकर्त्यानं दाजींना बाजूला घेऊन सांगितलं की मुलीला गाऊ द्या, पण वाजवायला बसवू नका, लोक तमाशा म्हणतील.

ही भीती कुठून येते ते मला समजतं. आपल्या बाया तमाशात का होत्या आणि त्यांचं काय केलं गेलं, हे आपल्या माणसांच्या आठवणीत आहे. पठ्ठे बापूरावांनी तमाशाच्या कमाईतून देऊ केलेली मदत बाबासाहेबांनी नाकारली, ही हकिगत आपल्याकडे नेहमी सांगितली जाते. पवळाबाई आपल्याच समाजाची होती. शैलजा पाईक यांनी २०२२ साली ‘द व्हल्गॅरिटी ऑफ कास्ट’ या पुस्तकात तमाशातल्या दलित बायांचा इतिहास मांडताना हाच पेच उलगडून दाखवला आहे. जातीनं ज्या बाईला अश्लील ठरवलं, तिला माणुसकीच्या लढ्यात जागा देताना आपल्यालाही जड गेलं. पण तमाशाची भीती म्हणून सतरा वर्षांच्या पोरीच्या हातातून ढोलकी काढायची म्हणजे काय? नजर वाईट असेल तर बंदोबस्त नजरेचा करा. कडूबाई खरात एकतारी घेऊन एकट्या गात आल्या आणि साऱ्या महाराष्ट्रानं त्यांना मोबाईलवर ऐकलं. त्यांना कुणी तमाशा म्हटलं नाही. का? एकतारी भजनाची, ढोलकी फडाची, एवढंच ना? म्हणजे वाद्यांचीही सोवळी-ओवळी आपण पाळायला लागलो.

बुलढाण्याचा कार्यक्रम शनिवारी रात्री झाला. सोमवारी अजिंठ्याची लेणी बंद असतात म्हणून रविवारी पहाटेच निघालो. हा सगळ्या सिझनमधला एकमेव दिवस जो फक्त फिरण्यासाठी होता. फर्दापूरच्या फाट्यावर गाडी ठेवून बसमध्ये बसलो. वरच्या पायऱ्या पाहून आजीचे पाय गळाले. डोलीवाले पुढे आले, आजी मागे सरकली. “माणसाच्या खांद्यावर मी बसणार नाही. बाबासाहेबांनी यासाठी केलं व्हय?” डोलीवाल्यांतला एक पोरगा म्हणाला, “आजी, तुम्ही नाही बसल्या तर आम्ही काय खावं?” आजी त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिली. मग पिशवीतून पन्नासची नोट काढून म्हणाली, “मला हाताला धरून वर ने. उचलू नको.” आणि ती तशीच, चार ठिकाणी बसत, त्याच्या दंडाला धरून एक नंबरच्या लेण्यापर्यंत आली. चार माणसांच्या डोलीऐवजी एकाच्या दंडाचं काम झालं, म्हणजे तिघांची रोजी बुडाली, असा विचार माझ्या डोक्यात येऊन गेला. सगळी वही डोक्यात घुसली होती.

एक नंबरच्या लेण्यात अंधार असतो, डोळे सरावायला वेळ लागतो. सगळे पद्मपाणीपुढे उभे होते. भाची डाव्या भिंतीकडे सरकली आणि तिनं मला हाक मारली. तिथे महाजनक जातकाचा प्रसंग आहे. मधोमध नाचणारी बाई आणि तिच्याभोवती वाद्यं वाजवणाऱ्या बाया. कुणाच्या ओठाला बासरी, कुणाच्या हातात ताल, कुणाच्या पुढ्यात ढोल. “मामा, या सगळ्या बायाच आहेत की.” ती बोटांनी हवेत त्या ढोलवालीचा हात पडतो तसा हात पाडून बघत होती.

मी माझी विद्वत्ता पाजळली. म्हणालो, हे पाचव्या शतकातलं, वाकाटकांच्या काळातलं. आणि गोष्ट अशी आहे की राजाला संसार सोडायचा असतो आणि राणी त्याला गुंतवून ठेवायला हे नाचगाणं मांडते. म्हणजे या बाया गोष्टीत मोहाच्या बाजूला आहेत. ती म्हणाली, “असू दे. पण ज्यानं काढलं त्याला हात कसा पडतो ते माहीत होतं.” मग तिनं विचारलं, त्याचं नाव काय? मी सांगितलं, सोळा नंबरच्या लेण्यात दान देणाऱ्याचं नाव शिलालेखात आहे, वराहदेव, वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री. रंगवणाऱ्याचं नाव आपल्याला माहीत नाही. ती हसली. “म्हणजे तेव्हापण बॅनरवर देणगीदारच.”

चार दिवसांनी, २३ मे, बुद्धपौर्णिमा. एका विहारात संध्याकाळी कार्यक्रम होता. तिथे दहा-बारा उपासिकांनी उपोसथाचं अष्टशील घेतलं होतं. त्यातल्या एक आई उठून म्हणाल्या की आज आमचं गाणं-वाजवणं ऐकायचं नाही असं शील आहे, तुम्ही उद्या करा. आयोजक चिडले, पत्रिका छापल्या होत्या. भाचीनं ढोलकी पुन्हा गवसणीत घातली आणि विचारलं, “आई, ज्यांनी पंचशील घेतलंय त्यांना चालतं ना?” आई म्हणाल्या, त्यांना चालतं. मग उपासिका आत ध्यानाला बसल्या, आणि आम्ही शंभर पावलं लांब, शाळेच्या पटांगणात, स्पीकर उलट्या दिशेला वळवून कार्यक्रम केला. उन्हाळ्यातला सगळ्यात छान कार्यक्रम तो झाला. माणसं थोडी होती, पण शेवटपर्यंत बसली. आणि त्या विहाराच्या महिला मंडळानं ठरलेले आठ हजार कार्यक्रमाआधी पाकिटात, वर पावती लिहून दिले. पावतीवर ‘कलावंतांची नावे’ असा रकाना होता आणि त्यात भाचीचं नाव होतं, पुढे कंसात ढोलकी. ती पावती तिनं वहीत चिकटवली आहे. २१ कार्यक्रमांत अशी पावती एकच.

आता वही. ठरलेलं मानधन एकूण १,९६,०००. मिळालेलं १,३४,५००. त्यातून दोन्ही वादकांचे ४२,०००, चुलतभावाच्या क्रूझरचे २०,०००, डिझेल २१,०००, ढोलकीची नवी पुडी, वायरी, औषधं वगैरे ९,०००. राहिले ४२,५००. आजीला आणि मला सोडून घरातले चार वाजवणारे-गाणारे आणि पाचवा वाटा गाडी चालवणाऱ्या पुतण्याचा. माणशी ८,५००. ४८ दिवसांनी भागलं तर दिवसाला १७७ रुपये पडतात. त्या वर्षी महाराष्ट्रात रोजगार हमीचा दर २९७ रुपये होता. बुडालेले ६१,५०० मिळाले असते तर हा आकडा चारशेच्या पुढे गेला असता.

हा हिशोब मी जूनमध्ये ताईच्या घरी वाचून दाखवला. बारावीच्या पुस्तकांचा, क्लासचा विषय निघालाच होता. दाजी म्हणाले, “चालायचंच. आपलं मिशन आहे.” तेही तेच म्हणाले. कुणी काही बोललं नाही. भाचीनं माझ्या हातातून वही घेतली आणि शेवटच्या कोऱ्या पानावर लिहायला बसली. लिहून झाल्यावर वही बापापुढे ठेवली.

“ढोलकी. एका कार्यक्रमाचे १,५००. निम्मे आगाऊ, माझ्या खात्यावर. पोस्टरवर नाव. फ्रेम नको. विहारात मुलांना शिकवायचं असेल तर फुकट, पण ते मी ठरवणार.”

दाजींनी ते दोनदा वाचलं. चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, “आणि माझ्या पेटीचे किती लावलेस?”

“पप्पा, तुमचे तुम्ही लिहा ना.”

दाजींनी पेन घेतला. बराच वेळ नुसता हातात धरून बसले. आतून आजी ओरडली, “माझ्या नातीपेक्षा कमी लिहू नकोस रे.”